चालताना पोटरी का भरून येते?
(पोहरादेवी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात पायांच्या रक्तवाहिन्यांवर भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर अगदी साधे आहे. आपल्या समाजातील बहुतेक घरे पायांवर चालतात. कोणी हातगाडी ढकलतो, कोणी हमाली करतो, कोणी बाजाराच्या दिवशी मानोऱ्याला, दिग्रसला किंवा कारंज्याला दुकान मांडतो, कोणी शेतात राबतो, तर कोणी दिवसभर शिलाई मशीनचे पायडल मारतो. अशा घरातील कर्त्या माणसाचा पाय गेला की पहिला घाव मुलांच्या शिक्षणावर बसतो. मुलगा दहावी सोडून कामाला लागतो, मुलीचे कॉलेज राहून जाते. आणि दुःखाची गोष्ट ही की यांतील पुष्कळ पाय वाचू शकले असते. पायाने कित्येक महिने आधी सूचना दिलेली असते. ती कोणी ऐकलेली नसते.

ती सूचना कोणती आणि ती आली असता काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. हे भाषण पुढे स्मरणिकेत छापले जाणार आहे. म्हणून आज येथे नसलेल्या वाचकांनाही माझी विनंती आहे, की आपण हे वाचावे आणि घरात वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे गाव. रामनवमीला येथे लाखो भाविक येतात, त्यांतील कित्येक दूरदूरच्या तांड्यांवरून पायी येतात. त्या गर्दीत पाहा, एखादा गृहस्थ दोन-तीनशे पावले चालतो, थांबतो, पोटरी दाबतो आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा चालू लागतो. बरोबरचे लोक म्हणतात, ‘वय झाले’, ‘वात आहे’, ‘थकवा आला’. ते खरेही असू शकेल. परंतु हे दुखणे दर वेळी साधारण तेवढेच अंतर चालल्यावर येत असेल आणि नुसते उभे राहिल्याने थांबत असेल, तर तो वात नव्हे आणि वयही नव्हे. पायाला रक्त कमी पडते आहे, असाच त्याचा अर्थ बहुधा निघतो.

या दुखण्याची ओळख वैद्यकाला प्रथम माणसात झाली नाही, तर एका घोड्यात झाली. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीच्या एका घोडीविषयी लिहून ठेवले. ती घोडी थोडे धावली की मागच्या पायांनी लंगडे, विसावा मिळाला की पुन्हा नीट चाले. ती मेल्यावर त्याने तपासले, तेव्हा मागच्या पायांना रक्त नेणाऱ्या नळ्या बंद झालेल्या आढळल्या. पुढे १८५८ मध्ये शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी हेच दुखणे माणसात ओळखले. मुके जनावर बोलू शकत नाही. तरी त्याच्या लंगडण्यातून एका जाणकाराने रोग शोधला. आपण तर बोलू शकतो. मग सांगायला संकोच कशाचा?

आता हे घडते कसे ते पाहू. हृदयातून निघालेली मोठी धमनी पोटात उतरते आणि बेंबीच्या सुमारास तिच्या दोन शाखा होतात, एक उजव्या पायाची, एक डाव्या पायाची. ही शाखा जांघेतून मांडीत उतरते, गुडघ्याच्या मागच्या लवणीतून पोटरीकडे जाते आणि तेथे तिचे तीन फाटे होऊन पावलापर्यंत पोचतात. शेतकरी बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरून पाट निघतो, पाटातून दांड फुटतात आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी जाते. पाटात गाळ साचला तर जवळच्या वाफ्यांना पाणी मिळत राहते, शेवटचा वाफा मात्र सुकतो. शरीरात पाऊल आणि बोटे हा तो शेवटचा वाफा होय.

गाळ साचतो तो धमनीच्या भिंतीत. रक्तातील चरबी तेथे रुतून बसते, भिंत सुजते, जाड होते, पुढे तीवर चुनखडीसारखे थर चढतात आणि मार्ग अरुंद होत जातो. माणूस बसलेला असतो तेव्हा स्नायूंना रक्त थोडे लागते, ते अरुंद वाटेनेही पुरते. चालू लागला की पोटरीच्या स्नायूंची मागणी कितीतरी पटींनी वाढते. तेवढे रक्त पोचत नाही आणि पोटरी दुखून भरून येते, गोळा आल्यासारखी होते. थांबले की मागणी उतरते आणि दुखणे जाते. अडथळा मांडीतील धमनीत असेल तर पोटरी दुखते. पोटातील शाखेत असेल तर मांडी आणि ढुंगणही दुखते.

येथे एक फरक ध्यानात ठेवा. कंबरेच्या मणक्यात नस दाबली गेली तरीही चालताना पाय दुखतात. पण त्या रोग्याला नुसते उभे राहून आराम पडत नाही. त्याला बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. धमनीच्या रोग्याला उभ्या उभ्याच आराम पडतो. डॉक्टरांना ही एवढी माहिती नीट सांगितली तरी निम्मे निदान होते.

रोग पुढे सरकला की त्याची भाषा बदलते. मग चालण्याची गरज राहत नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बोटे आणि पाऊल ठणकू लागते. रोगी पाय खाटेखाली लोंबकळत सोडतो, तेव्हा थोडे बरे वाटते, कारण रक्त उताराला लागते. कित्येक जण खुर्चीत बसून रात्री काढतात. पाऊल गार पडते, त्यावरील केस गळतात, कातडी चकचकीत होते, नखे जाड होतात. लहानशी जखम, चपलेचा चावा, ठेच दोन-दोन आठवडे भरून येत नाही. शेवटी बोट काळे पडते. रात्रीचा ठणका, न भरणारी जखम आणि काळे पडणारे बोट, या तिन्हींपैकी एक जरी दिसले तरी ‘पुढच्या बाजारी दाखवू’ असे म्हणू नका. तो प्रश्न मग महिन्यांचा राहत नाही, दिवसांचा असतो.

आणि एक प्रसंग तासांचा असतो. पाय एकाएकी भयंकर दुखू लागला, पांढराफटक व थंडगार पडला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर धमनीत रक्ताची गुठळी अडकली असे समजावे. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत रक्त पुन्हा सुरू व्हावे लागते. मालीश, लेप, शेक यांत एक क्षणही न घालवता थेट मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, तो घरातील मुलांनाही पाठ असावा.

मधुमेह असलेल्या बंधू-भगिनींनी अधिक सावध राहावे. साखरेमुळे पायाच्या संवेदना बोथट होतात. त्यामुळे रक्त कमी असूनही चालताना दुखत नाही आणि काटा रुतला तरी कळत नाही. शिवाय मधुमेहात गुडघ्याखालच्या बारीक धमन्या विशेष बिघडतात. ‘मला काही दुखत नाही’ हे मधुमेह्याचे म्हणणे म्हणूनच पुरेसे नाही. त्याचे पाऊल डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

हा रोग गरिबांनाच होतो असेही नाही. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे चित्र असलेली नाणी आपल्या आजोबांनी वापरली आहेत. त्या राजाला सिगारेटचे फार व्यसन होते. १९४८ मध्ये त्यांच्या पायांत गोळे येऊ लागले. तपासणीत पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे आढळले, उजवा पाय कापावा लागेल की काय अशी भीती निर्माण झाली. मार्च १९४९ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पाय वाचला. परंतु ६ फेब्रुवारी १९५२ रोजी हृदयाची धमनी बंद पडून झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. तत्पूर्वी फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रियाही झाली होती. या उदाहरणातील बोध नीट ध्यानात घ्या. जो गाळ पायाच्या धमनीत साचतो तोच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतो. चालताना पोटरी दुखणाऱ्या शंभर रोग्यांपैकी पाय गमावावा लागतो तो मोजक्यांनाच. हृदयविकाराने आणि पक्षाघाताने जाणारे त्याहून कितीतरी अधिक. म्हणून पोटरीचे दुखणे म्हणजे सबंध शरीराने दिलेली नोटीस आहे.

कारणे कोणती? मधुमेह, रक्तदाब, रक्तातील वाढलेली चरबी, वाढते वय ही कारणे आहेतच. पण सर्वांत मोठे आणि आपल्या हातातील कारण म्हणजे तंबाखू. बिडी-सिगारेटच्या धुरातील विषारी वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, निकोटीन धमन्यांना आवळते, आणि धमनीचे आतले गुळगुळीत अस्तर खरवडल्यासारखे खराब होते.

तरुण मुलांनी तर पुढचे विशेष लक्ष देऊन ऐकावे. तंबाखूमुळे होणारा एक वेगळा रोग आहे, तो म्हाताऱ्यांची वाट पाहत नाही. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरांनी कापाव्या लागलेल्या ११ अवयवांचा अभ्यास करून त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. आपल्या देशात बिडी ओढणाऱ्या कष्टकरी तरुणांत तो आढळत आला आहे. तिशी-चाळिशीतल्या माणसाच्या पायाच्या, कधी हाताच्याही, लहान धमन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात आणि एकेक बोट काळे पडू लागते. या रोगावर तंबाखू पूर्ण सोडण्याइतके प्रभावी दुसरे औषध नाही. ज्याने सोडली त्याचा पाय बहुधा वाचतो. जो दिवसाला एक-दोनच ओढतो म्हणतो, त्याचा रोग चालूच राहतो. बिडी सोडून खर्रा धरला, किंवा घरातील बाईने मशेरी चालू ठेवली, तर तंबाखू सुटली असे होत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु खरी बंदी घराच्या उंबरठ्यावर व्हावयास हवी. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारतर्फे विनामूल्य सल्ला मिळतो.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रात्यक्षिक. हृदयाचा प्रत्येक ठोका पावलापर्यंत पोचतो आणि तो बोटांना लागतो. घोट्याच्या आतल्या बाजूचे हाड आणि टाच यांच्यामध्ये जी खोलगट जागा आहे, तेथे दोन-तीन बोटे हलकेच ठेवा. थोड्या वेळाने नाडी लागेल. दुसरी नाडी पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत मध्यभागी असते. आधी स्वतःच्या पायावर शिका, मग अब्बांच्या, अम्मीच्या, दादा-दादींच्या पायावर पाहा. वरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून घाबरून जाऊ नका. पण दोन्ही जागी नाडी लागत नसेल, किंवा एका पायाला लागते आणि दुसऱ्याला लागत नाही असे असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. वडीलधाऱ्यांच्या पायाला हात लावण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही.

डॉक्टर काय करतील? ते दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजतील. घोट्याचा दाब डॉप्लर नावाच्या छोट्या यंत्राने मोजतात. त्यात सुई नाही, वेदना नाही. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागावयाचे. समजा दंडाचा दाब १४० आणि घोट्याचा ८४ आला, तर भागाकार ०.६ येतो. निरोगी माणसात हा आकडा १ ते १.४ असतो. ०.९ किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद आहे असे धरतात, ०.४ च्या खाली गेला तर प्रकरण गंभीर समजतात. मधुमेहात धमनी कडक झाल्याने आकडा फसवा, म्हणजे जास्त येऊ शकतो. तेव्हा अंगठ्याचा दाब मोजतात. इतके सोपे गणित. सहावी-सातवीचा विद्यार्थीही करील. त्यावर एका पायाचे, कधी एका आयुष्याचे भवितव्य अवलंबून असते. पुढे गरज वाटल्यास सोनोग्राफीसारखी रंगीत डॉप्लर तपासणी किंवा अँजिओग्राफी करतात.

उपचाराच्या पायऱ्या क्रमाने सांगतो. पहिली पायरी तंबाखू सोडणे, ती सांगून झाली.

दुसरी पायरी ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. ती म्हणजे चालणे. ‘चालल्याने दुखते, मग चालू नका’ हा सल्ला चुकीचा आहे. सपाट रस्त्यावर चालावे, पोटरी बऱ्यापैकी दुखू लागली की थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे. असे विसावे धरून अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस आणि किमान तीन महिने हा क्रम ठेवावा. मोठ्या पाटात गाळ असला तरी बाजूच्या लहान दांडांतून पाणी वाट काढते, तशा लहान धमन्या या व्यायामाने रुंदावतात आणि स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम करावयास शिकतात. हे औषध फुकट आहे. मात्र रात्रीचा ठणका, जखम किंवा काळे बोट असेल त्याने हा प्रयोग करू नये. त्याने आधी डॉक्टर गाठावा. छातीत दुखणाऱ्यानेही विचारूनच सुरुवात करावी.

तिसरी पायरी औषधे. रक्तातील चरबी उतरवणारी स्टॅटिनची गोळी, गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणारी औषधे, आणि काहींना चालण्याचे अंतर वाढवणारे सिलोस्टॅझॉल. हृदय कमजोर असलेल्यास हे शेवटचे औषध चालत नाही. म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषध आणू नये, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये.

चौथी पायरी बंद वाट उघडण्याची. १९४८ मध्ये पॅरिसच्या कुन्लिन या शल्यविशारदांनी रोग्याच्याच पायातील शीर घेऊन अडथळ्याला वळसा घालणारी वाट प्रथम तयार केली. तिला बायपास म्हणतात. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिची बोटे कुजू लागली होती आणि तिने पाय कापून घेण्यास साफ नकार दिला होता. डॉटर यांनी नळीने तिची अरुंद धमनी आतून रुंद केली, पाय वाचला. १९७४ मध्ये ग्रुंट्झिग यांनी त्यासाठी फुगा वापरला. आज ज्याला अँजिओप्लास्टी म्हणतात आणि जी आपण हृदयाचीच समजतो, तिचा जन्म पायात झालेला आहे, हे ध्यानात ठेवा. पाय कापण्याचा सल्ला मिळाला तर, जंतुसंसर्गाने जीवच धोक्यात नसल्यास, ‘रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना एकदा दाखवता येईल काय?’ हा प्रश्न नम्रपणे पण जरूर विचारावा.

आणि जीव वाचविण्यासाठी पाय काढावाच लागला, तर जीवन तेथे संपत नाही. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ घालून हजारो माणसे शेतात काम करतात, सायकल चालवतात. अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नका.

रोजच्या जपणुकीच्या गोष्टीही थोडक्यात सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही पावले, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर मुलांनी पाहाव्यात. पाय कोमट पाण्याने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. पाणी किती गरम आहे ते पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. गार पडलेले पाऊल गरम विटेने, शेगडीने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने कधीही शेकू नये; कमी रक्ताची कातडी लगेच भाजते आणि ती जखम भरत नाही. थंडीत मोजे घालावेत. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर ॲसिडचे थेंब टाकू नयेत. चैत्राच्या उन्हात तापलेल्या रस्त्यावर, काळ्या रानातल्या धसकटांत अनवाणी जाऊ नये. पायी यात्रेला निघणाऱ्या मधुमेही शेजाऱ्यालाही हे आपण आपुलकीने सांगावे. चप्पल संध्याकाळी खरेदी करावी, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. घालण्यापूर्वी आत खडा-काटा नाही ना, हे हाताने पाहावे.

उपचार कोठे घ्यावा? रक्तदाब व साखर तीस वर्षांवरील प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात तपासून घ्यावी. ती विनामूल्य होते. पुढील तपासणीसाठी अकोला व यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, वाशीमलाही २०२४ मध्ये ते सुरू झाले आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियांसाठी नागपूर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रियांचा खर्च शासन उचलते. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आधी त्याला भेटावे, आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते की नाही ते विचारावे आणि मगच दागिना गहाण टाकण्याचा विचार करावा.

पालकांनो, आपण मुलांच्या फीसाठी पै-पै जमवता. त्या बचतीचे सर्वांत मोठे रक्षण आपले स्वतःचे निरोगी पाय करतात. खिशातील बिडीचे बंडल मुलाच्या वहीचे पैसे खाते एवढेच नव्हे, तर त्या मुलाची शाळाच संपवू शकते, हे आज घरी जाताना मनाशी पक्के करा.

आणि विद्यार्थ्यांनो, शिकलेल्या मुलाचा घराला पहिला उपयोग नोकरी लागल्यावर होतो असे मानू नका. तो आज रात्रीच होऊ शकतो. घरी जा, वडीलधाऱ्यांना विचारा, ‘चालताना आपली पोटरी भरून येते का? किती अंतरावर?’ उत्तर वहीत लिहून ठेवा, नाडी पाहा आणि गरज असेल तर येत्या आठवड्यातच त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आपल्या वस्तीतला एक पाय जरी यामुळे वाचला, तरी या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.